लासलगावचा कांदा आणि बाराशे माणसांचं बेट

लासलगाव-पिंपळगावच्या खळ्यांवर मालदीवचं नाव निघालं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘तिकडं काय रेट चालू आहे?’ विचारायला हरकत नाही. पण ती गोणी शेवटी ज्याच्या दुकानात उघडली जाते, तो बेटावरचा दुकानदार रेट नंतर विचारतो. आधी विचारतो, बोट कधी? आपल्याकडे आज माल कमी पडला तर उद्या सकाळी चांदवडची नाही तर सटाण्याची गाडी उभी राहते. त्याच्याकडे बोट चुकली की पुढचा माल पुढच्या बोटीलाच. त्याच्या धंद्याचे बहुतेक ताप या एका गोष्टीतून निघतात, आणि त्यातले निम्मे तरी आपण इथे गाडी भरतानाच वाढवतो किंवा कमी करतो.

आधी आकडे, कारण बेटाच्या गरजेचा आपला अंदाज हमखास फसतो. मालदीवमध्ये बेटं अकराशेहून अधिक, पण गावं वसलेली त्यातल्या दोनशेच्याही आत. २०२२ च्या जनगणनेत परदेशी कामगार धरून लोकसंख्या ५ लाख १५ हजार. भारताने २०२४-२५ या वर्षासाठी मालदीवला कांद्याचा जो कोटा दिला, तो ३५,७४९ टनांचा. ऐकायला मोठा वाटतो. दिवसावर आणला तर ९८ टन होतात, म्हणजे २८ टनी कंटेनर धरले तर दिवसाला साडेतीन. लासलगावात हंगामात एका दिवशी पंधरा हजार क्विंटल आवक झाली तर कुणी मान वळवून बघत नाही. तेवढ्यात मालदीवचा पंधरा दिवसांचा कोटा निघतो. आणि कोटा ही वरची मर्यादा असते, प्रत्यक्ष तेवढा माल जातोच असं नाही. त्यातलाही बराचसा राजधानी माले शहरात आणि रिसॉर्टांवर जिरतो. २०२४ मध्ये तिथे वीस लाखांवर पर्यटक येऊन गेले, त्यांचंही जेवण यातच आलं.

आता त्यातलं एक छोटं बेट घ्या, बाराशे वस्तीचं. माणशी दिवसाला ६५ ग्रॅम कांदा धरा. रोजचा खप ७८ किलो, आठवड्याचा साधारण साडेपाच क्विंटल. पंचवीस किलोच्या २२ गोण्या. बेटावर चार दुकानं असली तर प्रत्येकाच्या वाट्याला पाच-सहा गोण्या. आपल्याकडचा एखादा खानावळवाला यापेक्षा जास्त उचलतो. पण या पाच गोण्यांसाठी त्या दुकानदाराला घाऊक व्यापारी शोधायचा, बोटीत जागा धरायची, धक्क्यावर माणूस उभा करायचा, हिशेब ठेवायचा. हा सगळा खर्च पाच गोण्यांना तेवढाच आणि पन्नास गोण्यांनाही जवळजवळ तेवढाच. बेटावर महागाई का, याचं निम्मं उत्तर इथेच आहे. नफेखोरी म्हणून बोट दाखवणं सोपं असतं. खरी गोष्ट अशी की खर्च वाटून घ्यायला पुरेसे किलोच नसतात.

बरं, गिऱ्हाईक कांद्याशिवाय राहू शकतं का, तर नाही. तिथली रोजची न्याहारी म्हणजे मास हुनी: टुना मासा, खोवलेलं खोबरं, बारीक चिरलेला कच्चा कांदा, मिरची, लिंबू. सोबत रोशी, म्हणजे आपली चपातीच. कांदा कच्चा खाल्ला जातो हे लक्षात ठेवा, पुढे वासाच्या मुद्द्याला ते लागणार आहे.

गोणीचा रस्ता बघू. दोन वाटा आहेत. एक न्हावा शेव्याहून कंटेनरने. कसाऱ्याचा घाट उतरून बंदरापर्यंत अंतर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर, म्हणजे एका रात्रीचं काम. पण पुढे बऱ्याचदा कोलंबोला जहाज बदलतं आणि तिथे कंटेनर किती दिवस बसेल हे आपल्या हातात नसतं. दुसरी वाट ट्रकने थेट तमिळनाडूत थूथुकुडीला. सोळाशे किलोमीटर, तीन ते चार दिवस. तिथून माले समुद्रमार्गे सव्वासातशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे लहान मालवाहू जहाजालाही दोन-अडीच दिवस. कागदावर दुसरी वाट सोपी दिसते. पण ताडपत्रीखाली तापलेला माल चार दिवस हेलकावे खात जातो, आणि पावसाळ्यात समुद्र खवळला की लहान लाकडी जहाजं निघतच नाहीत.

मालेला पोचल्यावर काम संपलं असं आपण समजतो. दुकानदाराचं तिथे सुरू होतं. हा देश उत्तर-दक्षिण आठशे किलोमीटरहून लांब पसरलाय. मालेच्या घाऊक गोदामातून गोणी हातगाडीने किंवा पिकअपने धक्क्यावर, तिथून दोनीत. दोनी म्हणजे तिथली होडी. आपल्या जुन्या मराठीतला ‘डोणी’ शब्द आठवा, नातं लगेच कळेल. मग बेटाच्या धक्क्यावर, मग पुन्हा हातगाडीवर, मग दुकानात. इथे ट्रॉली खाली होते तिथपासून मोजलं तर एक कांदा किमान नऊ वेळा उचलला-टाकला जातो. आपला हमाल पन्नास किलोची गोणी पाठीवर लीलया घेतो. हलत्या होडीतून धक्क्यावर उभ्या माणसाच्या हातात तीच गोणी देता येत नाही, ती फेकावी लागते. फेकलेल्या गोणीतला तळाचा कांदा बाहेरून चांगला दिसतो, पण आतला पापुद्रा दबलेला असतो आणि चार दिवसांनी तिथूनच पाणी सुटतं. म्हणून बेटासाठी जाळीची गोणी दहा किलोची बरी, फार तर अठरा-वीसची. गोणीचा खर्च किलोमागे थोडा वाढतो. तो वाढू द्या.

आता सडण्याचं. यात दोष कुणाचा यावरून मालेचा व्यापारी आणि इथला निर्यातदार वर्षानुवर्षं भांडतात, आणि दोघंही अर्धे बरोबर असतात.

पहिली चूक शेतातली. पात निम्मी पडल्यावर काढणी, त्याआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडलेलं, काढल्यावर तीन-चार दिवस शेतात पातीसकट ओळीने सुकवणं आणि मग मान दोन-अडीच सेंटिमीटर ठेवून कापून सावलीत दहा-बारा दिवस. हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. भाव चढा असला की यातले शेवटचे दहा दिवस गायब होतात. मान ओली राहते. खळ्यावर तपासायला मशीन लागत नाही: कांद्याची मान अंगठा आणि तर्जनीत धरून चोळा. वाळलेली मान कागदासारखी कुरकुरते आणि घट्ट मिटलेली असते. ओली मान बोटांखाली सरकते आणि बोटाला चिकटसर लागते. अशी दहा मानांत दोन सापडली तर तो ढीग मुंबईला पाठवा, बेटावर नको. कारण बुरशी आणि जिवाणू आत शिरतात ते त्याच दारातून.

दुसरी चूक कंटेनरमधली. कांदा दोनच ठिकाणी सुखाने राहतो: शून्य ते दोन अंशांच्या थंडीत, नाही तर पंचवीस ते तीस अंशांच्या उबेत. दोन्हीकडे हवा कोरडी हवी, आर्द्रता पासष्ट-सत्तर टक्के. मधलं तापमान, दहा ते वीस अंश, हे कोंब फुटायचं हुकमी तापमान. लोक ‘थोडं थंड ठेवू’ म्हणून नेमकं तिथे नेऊन ठेवतात. शिवाय थंड कंटेनर मालेच्या हवेत उघडला की काय होतं ते बघा. बाहेर तीस अंश आणि ऐंशी टक्के आर्द्रता असेल तर त्या हवेचा दवबिंदू सव्वीस अंश असतो. कांद्याचं अंग त्याहून थंड असेल तर फ्रिजमधल्या बाटलीला घाम येतो तसा प्रत्येक कांद्याला घाम येतो. टरफल ओलं झालं, की दोन दिवसांत काजळी, म्हणजे काळी बुरशी. कांदा इथून कोरडा निघाला हे खरं, आणि तिथे ओला मिळाला हेही खरं. प्रवास आठ-दहा दिवसांचा असेल तर थंडीपेक्षा वारा महत्त्वाचा: कंटेनरची हवेची झडप पूर्ण उघडी, माल आतल्या लाल रेषेच्या वर रचायचा नाही, दाराजवळ जमिनीचा जो भाग उघडा राहील तो पुठ्ठ्याने झाकायचा, नाही तर हवा मालातून न जाता तिथूनच पळ काढते. आणि थंड करून पाठवायचाच असेल, तर उतरवण्याआधी तापमान हळूहळू वर आणायची सूचना लेखी द्यायची. तोंडी सांगितलेलं बंदरावर कुणी ऐकत नाही.

तिसरी चूक दोनीतली आणि ती आपल्याला दिसत नाही. त्या बोटीत कांदा एकटा नसतो. सिमेंटच्या पिशव्या, डिझेलची पिंपं, मैदा, अंडी, पिकलेली केळी, कुणाची तरी गादी, सगळं एकत्र. केळीतून निघणाऱ्या वायूने कोंबाला जोर येऊ शकतो. डिझेलचा वास कांदा धरतो, आणि तो कांदा सकाळी मास हुनीत कच्चा पडतो. एकदा तसं झालं की गिऱ्हाईक कांदा परत आणत नाही, दुकानच बदलतं. बेटावर चार दुकानं, सगळे एकमेकांना ओळखतात, बातमी संध्याकाळपर्यंत पोचते. यावर उपाय साधा आहे पण पाळला क्वचित जातो: गोण्या फळीवर, पिंपांपासून दूर, वरून ताडपत्री पण बाजू उघड्या. ताडपत्रीने चारी बाजू गुंडाळल्या तर लाटेचं पाणी अडतं आणि कांदा आत वाफेत शिजतो. तांडेलाला यात रस नसतो, त्याला भाडं गोणीमागे मिळतं.

आणि आता दुकानदाराचा खरा पेच. त्याचा रोजचा खप वीस किलो. बोट आठवड्याला. एक बोट चुकेल असं धरून चौदा दिवसांचा साठा ठेवायचा तर २८० किलो हवा, दहा टक्के सड धरली तर ३१० किलो मागवावा लागतो. म्हणजे विकायचा आठवड्याला १४० आणि घरात ठेवायचा त्याच्या दुपटीहून जास्त. शंभर रुपयांच्या मालावर बारा टक्के नफा धरला आणि दहावा हिस्सा सडला, तर हातात येतात १०० रुपये ८० पैसे. ऐंशी पैशांसाठी पंधरा दिवस पैसे अडकवायचे. साठा न करावा, तर बोट चुकल्यावर कांद्याबरोबर तांदूळ-तेलाचं गिऱ्हाईकही शेजारच्या दुकानात जातं आणि तिथेच राहतं. साठवला तर सडतो, नाही साठवला तर संपतो. यातून तो मधला मार्ग काढतो आणि थोडं थोडं दोन्हीकडचं नुकसान सोसतो.

साठवण्याची जागा म्हणजे दुकानामागची एक खोली. तिथलं तापमान तीस अंशांच्या आसपास असतं, ते कांद्याला चालतं. मारते ती दमट हवा. आपल्या निफाडच्या कांदाचाळीत खालून-वरून वारा खेळतो, तसा तिथे खेळत नाही. गोण्या भिंतीला लावून एकावर एक सात-आठ थर रचल्या की मधल्या दोन थरांत हवा पोचतच नाही. सांगण्यासारखं एवढंच: जमिनीपासून वीतभर वर लाकडी फळी, भिंतीपासून हातभर अंतर, चार थरांवर रचायचं नाही आणि एक साधा टेबलफॅन रात्रंदिवस गोण्यांवर. साठ वॉटचा पंखा चोवीस तासांत दीड युनिटही खात नाही. फ्रिजमध्ये ठेवण्याचा मोह मात्र आवरायचा, दुकानातला फ्रिज आठ-दहा अंशांवर असतो आणि बाहेर काढताच परत तोच घाम. दर दोन दिवसांनी गोणी हलवून तळाला हात लावायचा. ओल लागली तर त्याच दिवशी गोणी फोडून निवडायची. एक सडका कांदा शेजारचे चार घेऊन जातो, हे काही बेटावरच्या माणसाला शिकवायला नको.

सडलेला टाकायचा कुठे, हाही प्रश्नच. आपण उकिरड्यावर फेकून मोकळे होतो. दीड-दोन चौरस किलोमीटरच्या बेटावर क्विंटलभर सडका कांदा पुरायला जागा आणि वास सहन करणारे शेजारी, दोन्ही कमी.

पैशाचं गणित याहून बिकट. मालदीवचं चलन रुफिया. शब्द आपल्या रुपयाचाच भाऊ. २०११ पासून अधिकृत दर डॉलरला १५.४२ रुफियांच्या वर गेलेला नाही. पण बँकेतून त्या दराने हवे तेवढे डॉलर मिळत नाहीत. उरलेले बाहेरून, चढ्या दराने घ्यावे लागतात. उदाहरण म्हणून २८ टनांचा कंटेनर, पोच भाव टनाला ४०० डॉलर धरा. बिल झालं ११,२०० डॉलर. अधिकृत दराने १,७२,७०४ रुफिया. तेच डॉलर बाहेर समजा अठराने घेतले तर २,०१,६०० रुफिया. एका कंटेनरमागे जवळजवळ २९ हजार रुफियांचा फरक, आणि यात कांद्याचा, पिकवणाऱ्याचा, बोटीचा काही संबंध नाही. आयातदार हा फरक घाऊक भावात घालतो, घाऊकवाला किरकोळवाल्याच्या भावात, आणि शेवटी बेटावरच्या बाईला वाटतं की भारतात कांदा महाग झाला. त्याच आठवड्यात इथे शेतकरी भाव पडला म्हणून लिलाव बंद पाडत असतो.

रिसॉर्ट डॉलरमध्ये कमावतात, बहुतेक जण आपला माल मोठ्या पुरवठादारांमार्फत आणतात. गावातला दुकानदार रुफियात कमावतो आणि त्याचा माल शेवटी डॉलरमध्ये येतो. एकाच समुद्रातले दोन धंदे, पण एकाला डॉलरचा पूर दिसतो आणि दुसऱ्याला दुष्काळ. वस्तीच्या बेटांवर गेस्टहाउसं आली तेव्हापासून थोडी हवा बदलली. गेस्टहाउसवाला गावातूनच कांदा-बटाटा घेतो. पण तो मागणी सांगतो आदल्या दिवशी, आणि बोट असते आठवड्याची.

नाशिकच्या निर्यातदाराने याकडे कसं बघावं? ऑक्टोबर २०२४ मध्ये रिझर्व्ह बँक आणि मालदीवची मॉनिटरी ऑथॉरिटी (तिथली मध्यवर्ती बँक) यांच्यात ४० कोटी डॉलर आणि ३,००० कोटी रुपयांचा चलन-अदलाबदलीचा करार झाला. नोव्हेंबरमध्ये दोन्हींनी रुपया आणि रुफियात व्यवहार करण्यासाठीचा सामंजस्य करार केला. म्हणजे रुपयात बिल लावण्याचा रस्ता मोकळा झाला. तुमची बँक आणि समोरच्याची बँक दोन्ही तयार असतील तर एकदा लहान खेपेवर करून बघायला काही जात नाही. आमचं मत विचाराल तर, डॉलरसाठी दोन महिने थांबण्यापेक्षा रुपयात पंधरा दिवसांत आलेले पैसे बरे.

उधारीवर मात्र भावनेने जाऊ नये. नव्या आयातदाराकडून तीस टक्के आगाऊ, बाकी कागदांवर (म्हणजे मालाचे कागद सोडवताना), आणि ईसीजीसी या सरकारी पतविमा कंपनीचं संरक्षण. लहान खेपेला लेटर ऑफ क्रेडिटचा, म्हणजे बँकेच्या पैसे देण्याच्या हमीचा, खर्च परवडत नाही, त्यामुळे तो आग्रह धरून समोरच्याला पळवू नका. आणि इथे जवळच्या बेटांची एक खास गंमत आहे: समुद्रप्रवास इतका छोटा की माल कागदांच्या आधी पोचतो. थूथुकुडीहून जहाज अडीच दिवसांत मालेला, आणि मूळ बिल ऑफ लेडिंग, म्हणजे जहाजकंपनीचा माल सोडवायचा कागद, कुरियरने पाचव्या दिवशी. तेवढे दिवस माल बंदरात, दमट हवेत, भाडं चढत. मालेच्या बंदराची जागा आधीच तोकडी, तिथे पडून राहिलेला माल कुणालाच नको असतो. पैसे आले असतील तर मूळ कागद पाठवायच्या भानगडीत न पडता टेलेक्स रिलीज घ्यायचा, म्हणजे मूळ कागदाशिवाय माल सोडायची सूचना जहाजकंपनीकडून द्यायला लावायची. बंदरातले हे दिवस वाचवले की गोणीमागे किलो-दोन किलो कांदा वाचतो.

कागदांत चुका त्याच त्या. फायटोसॅनिटरी (माल रोग-किडीपासून मुक्त असल्याच्या) प्रमाणपत्रावरचं वजन आणि पॅकिंग लिस्टवरचं वजन जुळत नाही, कारण गाडी भरताना शेवटच्या क्षणी तीस गोण्या वाढवलेल्या असतात. आयातदाराचं नाव एका कागदावर पूर्ण, दुसऱ्यावर आखूड. धिवेही (मालदीवची भाषा) नावांचं इंग्रजी स्पेलिंग दर वेळी वेगळं लिहिलं जातं, म्हणून त्याच्या आयात परवान्याचा फोटो मागवून त्यावरूनच उतरवायचं. ऐकून लिहायचं नाही. आणि शुक्रवार-शनिवार तिकडे सुटी. गुरुवारी दुपारनंतर पोचलेला कंटेनर रविवारपर्यंत बसतो, हे धरूनच जहाज निवडायचं.

निर्यातबंदीचा विषय निघाला की नाशिककर तापतो, आणि ते बरोबरच आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये चाळीस टक्के शुल्क, ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याखालच्या भावाने माल बाहेर पाठवता येत नाही), ८ डिसेंबरपासून बंदी, ४ मे २०२४ ला बंदी उठली तरी ५५० डॉलर किमान मूल्य आणि चाळीस टक्के शुल्क होतंच, सप्टेंबरमध्ये मूल्याची अट गेली आणि शुल्क वीसवर आलं, १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. वीस महिन्यांत नियम सहा वेळा बदलले. या काळात बेटांचं काय झालं, यात मात्र फरक आहे. मालदीवला १९८१ च्या व्यापार करारामुळे दरवर्षी कोटा मिळतो, आणि २०२४-२५ च्या आदेशात तर साफ म्हटलं होतं की पुढे कुठलीही बंदी आली तरी हा कोटा तिच्यातून वगळलेला राहील. मॉरिशस आणि श्रीलंकेला असं कवच नव्हतं. त्यांना सरकारी परवानगीची वाट बघावी लागली. एप्रिल २०२४ मध्ये सहा देशांसाठी मिळून ९९,१५० टनांना मुभा मिळाली, त्यात ही दोन्ही बेटं होती.

पण कोटा आहे म्हणजे सगळं आलबेल, असं नाही. कोटा आर्थिक वर्षाचा. ३१ मार्चला जुना संपतो, नवा आदेश एप्रिलमध्ये येतो. बंदीच्या काळात त्या मधल्या दिवसांत बंदरावर उभा असलेला माल ना इकडचा ना तिकडचा. २०२४ मध्ये रमजान मार्च-एप्रिलमध्ये आला होता, म्हणजे मागणी सर्वांत जास्त नेमकी त्याच दिवसांत. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे हा पेच कायमचा नाही. पण रमजानचा माल चंद्र दिसायच्या तीन आठवडे आधी मालेत पोचलेला हवा, हे गणित कायमचं.

आणखी एक खर्च सहसा लपून राहतो: परतीचा. सप्टेंबर २०२० मध्ये कोची, कुल्हुधुफुशी, माले अशी थेट मालवाहू सेवा सुरू झाली होती, २०० कंटेनर आणि ३,००० टन सुटा माल एका फेरीत नेऊ शकणारी. उत्तरेकडच्या बेटांना मालेचा वळसा वाचावा, हा हेतू चांगलाच होता. अडचण अशी की बेटाकडे जाताना जहाज भरतं आणि येताना रिकामं. बेट पाठवणार काय? टुना, थोडं भंगार. त्यामुळे जाण्याचं भाडं आणि येण्याचं भाडं, दोन्ही कांद्याच्या गोणीवर बसतं. आपल्याकडे ट्रकवाला नाशिकहून कांदा घेऊन जातो आणि येताना तमिळनाडूतून नारळ भरून आणतो, तेव्हा त्याचा हिशेब बसतो. बेटाच्या बोटीला तो नारळ मिळत नाही.

विजेचंही थोडक्यात सांगतो. बहुतेक बेटांवर वीज डिझेल जनरेटरची, आणि डिझेलही बोटीनेच येतं. फ्रीझरचा काँप्रेसर बंद पडला तर सुटा भाग मालेहून, बसवणारा कारागीर कधीकधी तिथूनच. तोवर आतलं सगळं जातं. म्हणून शहाणा दुकानदार एका मोठ्या फ्रीझरऐवजी दोन लहान ठेवतो, बिल जास्त आलं तरी.

इथून काय करता येईल, ते वर विखरून आलंच आहे, पण दोन गोष्टी राहिल्या. एक, प्रतवारी. आपण ‘एक्स्पोर्ट’ म्हणून पंचावन्न मिलिमीटरच्या वरचा टपोरा माल बाजूला काढतो. तो हॉटेलला ठीक. गावातल्या दुकानाला पंचेचाळीस ते पंचावन्नचा मध्यम कांदा हवा. घरात एका वेळी एकच चिरला जातो, अर्धा कापून ठेवलेला कांदा दमट हवेत संध्याकाळपर्यंत बुळबुळीत होतो. शिवाय मोठ्या कांद्याची मान जाड, सुकायला वेळ जास्त. दुबाळके (जोडकांदे) आणि डेंगळे (फुलाचा दांडा आलेले) तर बेटाच्या गोणीत एकही नको. दोन, गोणीवर भरल्याची तारीख मोठ्या आकड्यात. मालेच्या गोदामात जुना-नवा माल शेजारी पडलेला असतो, तारीख नसली की समोरचा माल आधी जातो आणि मागचा सडतो. पाच पैशांच्या चिठ्ठीचं काम आहे, तरी दहातल्या आठ गोण्या कोऱ्या जातात.

आपल्याच देशातली बेटं घेतली तर कस्टम, डॉलर, कोटा ही सगळी कटकट गळून पडते आणि बोट तेवढी उरते. लक्षद्वीपमध्ये वस्तीची दहा बेटं, २०११ च्या जनगणनेत ६४,४७३ माणसं, त्यात बित्रावर अवघी २७१. माल कोची, बेपूर, मंगळूरहून जातो. लाकडी मालवाहू जहाजांना १५ मे ते १५ सप्टेंबर समुद्र बंद. त्यामुळे तिथला दुकानदार चार महिन्यांचा साठा मेच्या आधी भरू बघतो, आणि आपलं पीक नेमकं इथे आडवं येतं. जानेवारी-फेब्रुवारीतला लाल कांदा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही, तो पावसाळ्यासाठी पाठवणं म्हणजे पैसे समुद्रात टाकणं. टिकाऊ तो उन्हाळ, पण त्याची काढणी मार्चअखेर सुरू होऊन मेपर्यंत चालते. वाळवण्याचे पंधरा दिवस, निवडायचे दोन, मंगळूरपर्यंत गाडीचे दोन-तीन, धक्क्यावर जागा मिळायचे चार-पाच, आणि बोट. उलटं मोजत आलं तर १५ एप्रिलनंतर काढलेला उन्हाळ कांदा त्या हंगामात बेटावर नीट वाळून पोचत नाही. ज्यांना तिकडचा धंदा करायचा आहे त्यांनी एन-२-४-१ किंवा भीमा शक्ती या वाणांची लागवड डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरकलेल्या दोन-चार शेतकऱ्यांशी आताच बोलून ठेवावं, आणि त्यांचा माल चाळीत जाण्याआधी उचलावा.